कुणीच विचारलं नव्हतं

६ फेब्रुवारी, गुरुवार

नंदुरबारचं पाळकांचं शिबिर संपवून दुपारी घरी आलो. विसरवाडीला एसटीतून उतरलो तर गावाकडची जीप खच्चून भरलेली. मागच्या पायरीवर लटकत आलो, पण मन हलकं होतं.

वीस वर्षं गावातल्या चर्चच्या मंडळीचा पाळक आहे, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. नाशिकहून एक प्राध्यापक आले होते. त्यांचं म्हणणं असं की नियम माणसासाठी असतात, माणूस नियमांसाठी नसतो. कुठल्याही प्रसंगात नियमांची वही उघडण्याआधी एकच विचारायचं: इथे प्रीती काय मागते? खोटं बोलणं पाप, कबूल. पण तुम्ही कुणाला तरी घरात लपवलंय आणि मारेकरी दारात उभा राहून पत्ता विचारतोय, तेव्हा खरं बोलणं हेच पाप.

धडगावकडचे एक म्हातारे पाळक उठले. म्हणाले, "साहेब, पटलं. पण माणूस आपल्या मनात येईल त्यालाच प्रीती म्हणतो, त्याचं काय करायचं?" सगळे हसले. मीही हसलो. जुन्या माणसांना नवं लवकर पचत नाही.

वहीची सतरा पानं भरली आहेत. चार रविवार याच विषयावर बोलायचं ठरवलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

उपदेश रंगला. पंचेचाळीस मिनिटं बोललो, कुणी जांभई दिली नाही. मंडळीचा कारभार बघणारे वडीलजन दिवाल्याभाऊ बाहेर येऊन हात धरून म्हणाले, "पाळकसाहेब, आज काळजाला लागलं." ढोलकी वाजवणाऱ्या चंदनने तर विचारलं की हे लिहून देता का.

जेवताना ममता म्हणाली, "हे रूपलीबाईला सांगायला जाणार का?"

म्हटलं, "तिचा काय संबंध?"

ती भाकरी मोडत राहिली. बायकोला एवढं बोलायची सवय आहे आणि पुढे गप्प बसायचीही.

इथे खरं लिहावं. रूपलीबाई आमच्याच मंडळीतली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवलने स्वतःचा जीव घेतला. बावीस वर्षांचा मुलगा. मंडळीच्या नियमांत आहे की अशा माणसाला आमच्या कबरस्तानात जागा नाही आणि पाळकाने त्याच्यासाठी प्रार्थना चालवायची नाही. प्रेत खाटेवर होतं, रूपलीबाई कबरस्तानाच्या फाटकाशी उभी होती, आणि मी कपाटातली नियमांची वही आणून तिला ते कलम वाचून दाखवलं. वाचून दाखवलं हे चुकलं असेल. तोंडी सांगायला हवं होतं.

ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझा देव कपाटात राहतो, पितांबर. आणि किल्ली तुझ्या खिशात."

मुलाला तिने आपल्या शेताच्या बांधावर पुरलं. तेव्हापासून ती उपासनेला आली नाही. ते वाक्य मात्र गावात फिरलं. अजून कुणी दोघं हसत उभे दिसले की मला वाटतं, तेच बोलतायत.

पण तो विषय वेगळा. नियम माझा नव्हता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चंदनचा मुलगा गेला. चार वर्षांचा. पाच दिवस ताप होता, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. आज त्याला माती दिली. एवढीशी पेटी. चंदन रडत नव्हता, त्याचा बाप खात्याबाबा रडत होता. खात्याबाबा मंडळीत नाही, आपला जुना धर्म पाळतो, पण प्रार्थनेच्या वेळी टोपी काढून उभा होता.

परतताना हापशीवर बायका कुजबुजत होत्या. मला बघून गप्प झाल्या. ममताच्या कानावर आलं ते असं: आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी रमिलाबाईने त्या पोराला तुरीच्या उकडलेल्या शेंगा दिल्या होत्या. गेल्या वर्षी तिच्या शेजारचे बैल मेले होते. एक शब्द तिथे बोलला गेला, तो मी लिहू इच्छित नाही. पण लिहायला हवा. डाकीण.

रमिलाबाई विधवा, एकटी, दर रविवारी चर्च झाडायला सगळ्यांआधी येते. रविवारी या अंधश्रद्धेवर बोलेन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रविवारपर्यंत कुणी थांबलं नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला रमिलाबाई मागच्या दाराने घरात शिरली. पायात चप्पल नाही, पदर फाटलेला. "मला मारतील," एवढंच म्हणाली. ममताने तिला भाताच्या कोठीच्या खोलीत नेलं, पोत्यांमागे बसवलं, आणि स्वतःही तिच्याजवळ बसून पोलिसांना फोन लावला.

मी पुढच्या ओट्यावर आलो तेवढ्यात माणसं आली. पंधराएक असतील. हातात काठ्या, एकाकडे कुऱ्हाड. पुढे चंदन. त्यांच्यातले सहा माझ्या मंडळीतले, दोघांना तर मीच बाप्तिस्मा दिलेला.

"पाळकसाहेब, रमिला कुठंय?"

माझं डोकं शांत होतं. नाशिकच्या साहेबांनी सांगितलेला प्रसंग जसाच्या तसा माझ्या दारात उभा होता. म्हणालो, "इथे आली नाही." स्वच्छ खोटं बोललो, चंदनच्या डोळ्यांत बघून. मग कुठे असेल असं त्यांना वाटत होतं, म्हणून मी म्हणालो, रूपलीबाईकडे बघा. दोघी गुजरातेत ऊसतोडीला बरोबर जायच्या, जुन्या मैत्रिणी. रूपलीबाईचं घर ओढ्यापलीकडे, तीन किलोमीटर. जाऊन येईपर्यंत पोलीस पोचतील, हा हिशेब मनात होता.

ते गेले. दीड तासाने पोलिसांची गाडी आली. रमिलाबाई वाचली.

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की शिकलेलं कामी आलं. पोलिसांची वाट बघतानाच गुडघे टेकून देवाचे आभार मानले. ममता आभाराला बसली नाही. दगदग झाली असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ते खरंच ओढ्यापलीकडे गेले.

रूपलीबाईचा उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय. डोक्याला सात टाके. घराची कौलं फोडली. रमिलाला लपवलंस म्हणजे तूही तसलीच, असं म्हणाले. शेतातून परतणारे लोक आरडाओरडा ऐकून धावले, नाहीतर काय झालं असतं, देव जाणे. चंदनसकट नऊजण अटकेत आहेत.

मी हा विचार केला नव्हता. देवाशपथ, केला नव्हता. मला वाटलं, जातील, रमिला दिसणार नाही, परत फिरतील.

ममता दवाखान्यात जाऊन आली. मी गेलो नाही. तिथे गर्दी होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पेपरात आलं. "पाळकाच्या प्रसंगावधानाने महिलेचे प्राण वाचले." माझा फोटो, चर्चच्या पायरीवरचा. शेवटच्या ओळीत, अन्य एक महिला जखमी. नाव नाही.

दुपारी तालुक्यातले पाळक गाडी करून आले. शाल, नारळ, हार. एकाने भाषणात मला चांगला मेंढपाळ म्हटलं. मी मान खाली घातली, लोकांना ती नम्रता वाटली.

शाल ममताने घडी न मोडताच खुंटीवर टाकली. तिच्या बोलण्यात सध्या फक्त कामाचे शब्द असतात. मीठ, पाणी, दार लाव.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

रमिलाबाई आठवडाभर आमच्याकडेच राहिली. आज सकाळी गाठोडं बांधून निघाली. म्हटलं, "एवढ्यात घरी जाऊ नका." म्हणाली, घरी नाही, रूपलीकडे चाललेय, तिला एका हाताने भाकरी थापता येत नाही.

मग ती माझ्यासमोर उभी राहिली. आपल्या बोलीत बोलली. मी इथे मराठीत लिहितोय, त्यात धार थोडी कमी होते.

"पाळकसाहेब, तुम्ही मला वाचवलंत. खोटं बोललात, ते बरं केलंत. मी देवाला सांगेन, त्याचं पाप यांना लावू नको. पण मी पोत्यांमागे होते. मला सगळं ऐकू येत होतं."

तिने गाठोडं खाली ठेवलं.

"तुम्ही म्हणालात, इथे आली नाही. ते फिरले. त्यांच्या पायांचा आवाज अंगणातून लांब चालला होता. मी ममताबाईंचा हात सोडला. आणि मग तुम्ही मागून हाक मारलीत, रूपलीकडे बघा म्हणून."

"त्यांनी विचारलं ना, मग कुठे..."

"कुणीच विचारलं नव्हतं."

ममता दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. म्हणजे सात दिवस हिलाही माहीत होतं. दोघींनाही. मी शाल घेत होतो तेव्हाही.

रमिलाबाई म्हणाली, "जंगल होतं. हायवे होता. सुरत होतं. नावच का घेतलंत? आणि तिचंच का?"

उत्तराची वाट न बघता ती गेली.

मागचं पान पुन्हा वाचलं. २१ तारखेला मी लिहिलंय, "मग कुठे असेल असं त्यांना वाटत होतं." असं वाटत होतं! स्वतःच्या खासगी वहीत, जी कुणी वाचत नाही, तिथेही मी शब्द फिरवून ठेवलाय.

आता सरळ लिहितो. चंदन वळला होता. काठ्या खाली गेल्या होत्या. एक गोष्ट संपली होती आणि मी सुटलो होतो. त्या क्षणी ते नाव माझ्या तोंडात आधीपासून असल्यासारखं बाहेर आलं. ते म्हणताना मला बरं वाटलं. दोन वर्षांनी काहीतरी फिटल्यासारखं. ती जखमी व्हावी असं नव्हतं. पण तिच्या दाराशी काठ्या घेऊन माणसं उभी राहावीत, तिने घाबरावं, एवढं मला हवं होतं.

पहिलं खोटं रमिलासाठी होतं. दुसरं माझ्यासाठी. दोन्ही मी एकाच नावाखाली देवापुढे ठेवली आणि आभार मानले.

३ मार्च, सोमवार

हवालदार नवनीत पाटील जबाब घ्यायला आले. शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीचे, माणूस सरळ. चहा घेऊन कागद मांडीवर ठेवला आणि आपल्या अहिराणीत विचारलं,

"पास्टर, तुम्हनामुळे बाई वाचनी. आते इतलंच सांगा, त्या लोकेस्ले रूपलीबाईनं नाव कोन्ही सांगं? त्या म्हणतस, पास्टरनी सांगं."

त्याआधी तासभर दिवाल्याभाऊ येऊन गेले होते. जबाब होणार याची त्यांना कुणकुण लागली असावी. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "पाळकसाहेब, आपली सहा पोरं आत आहेत. मंडळीचं नाव आधीच खराब झालंय. त्यात पाळकानेच बोट दाखवलं असं निघालं तर लोक चर्चला कुलूप लावतील. तुम्हीच शिकवलंत ना, नियम बाजूला ठेवायचा, प्रीती काय मागते ते बघायचं? मंडळीवर प्रीती करा. आठवत नाही म्हणा."

माझंच वाक्य. त्यांच्या तोंडून ऐकताना ते किती गुळगुळीत लागलं. तरी मी तेच केलं. हवालदारांना म्हणालो, "गोंधळ होता, आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाले, लिहिलं, आणि माझी सही घेतली. हे तिसरं खोटं. यात तर कुणाचा जीवही वाचायचा नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

चार दिवस जेवण जात नाही. सकाळी विसरवाडीला जाऊन हवालदारांना भेटलो. म्हणालो, जबाब बदलायचाय, मला आठवतं. रूपलीबाईचं नाव मीच सांगितलं, कुणी न विचारता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वकील तुम्हले कोर्टमा उभा करी, फाडी खाई. माहीत शे ना?"

"माहीत आहे."

"मंग लिखी लेस." त्यांनी नवा जबाब लिहून घेतला.

घरी येऊन ममताला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मंडळीला?"

९ मार्च, रविवार

उपदेशाच्या जागी सांगितलं. कागद न घेता. पहिलं खोटं, दुसरं खोटं, तिसरं. नवलच्या मातीच्या दिवशी रूपलीबाई जे बोलली होती त्याचा राग मनात धरला होता, हेही सांगितलं. खाली पाहून बोललो, वर बघायची हिंमत नव्हती.

मला वाटलं होतं, लोक उठून जातील. कुणी उठलं नाही. दिवाल्याभाऊंनी तोंड फिरवलं, तेवढंच. उपासना संपल्यावर बायका येऊन हात धरून रडल्या. एक म्हातारा म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही एवढं मोठं मन केलंत!" चंदनची बायको कोपऱ्यात बसून होती. पोर गेलं, नवरा आत. ती माझ्याकडे न बघता निघून गेली. तिच्या मुलाच्या मातीनंतर मी एकदाही तिच्या घरी गेलो नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

वडीलजनांनी मला सहा महिने उपदेशापासून दूर ठेवायचं ठरवलंय. मीच तसं मागितलं होतं.

पण खरं लिहायचं तर घरी येताना मला हलकं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या. मनात आलं, झालं, सांगून टाकलं. आता फक्त रूपलीबाईकडे जायचं, तिची माफी मागायची, म्हणजे पूर्ण होईल. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं. तीन वाक्यं. चांगली जुळली होती.

११ मार्च, मंगळवार

चालत गेलो. ओढ्याला पाणी घोट्याएवढं. बांधावर मोहाची झाडं, फुलं वेचायला आलेली पोरं मला बघून थांबली.

रूपलीबाई अंगणात खाटेवर बसली होती. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. केस टाक्यांच्या जागी कापलेले. रमिलाबाई चुलीशी. फुटलेल्या कौलांवर ताडपत्री टाकलेली.

बस म्हणाली नाही. मी उभ्याने बोललो. जुळवलेल्या तीनपैकी दीड वाक्य आलं.

"रूपलीबाई, त्या दिवशी तुझं नाव मी..."

"माहीत आहे."

"रमिलाबाईने सांगितलं?"

"हिने कशाला सांगायला हवं? चंदन अंगणात आल्या आल्या म्हणाला, पाळकाने सांगितलंय, रमिला इथे आहे, काढ बाहेर." तिने मोडका हात मांडीवर नीट ठेवला. "आता बघ. रमिला माझ्याकडे नव्हती. तुझा निरोप असा की ती माझ्याकडे आहे. मग ती कुठे असेल? एवढं मला कळत नाही? तिला या गावात दोनच दारं. एक माझं, एक तुझं."

मला ते कळायला वेळ लागला. इतका वेळ की माझीच लाज वाटली.

"म्हणजे तुला त्याच वेळी..."

"त्याच वेळी. ते विचारत होते, कुठंय सांग, सोडून देतो. मी म्हणाले, सुरतच्या गाडीत बसली, सकाळीच गेली. त्यांना खरं वाटलं नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा सुरत म्हणाले."

रमिलाबाई चुलीत फुंकत होती. वर बघत नव्हती.

मी ज्या माणसांना हाक मारून हिच्या दारात पाठवलं, त्यांना ही एका शब्दात माझ्या दारात परत पाठवू शकत होती. ते खरंही ठरलं असतं. पोलीस अजून पोचले नव्हते. माझ्या ओट्यावर मी होतो, आत ममता होती. हिचा हात मोडत होता त्या वेळी मी गुडघे टेकून आभार मानत होतो.

माझ्या तोंडून निघालं, "तू मला वाचवलंस."

आणि ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं आणि ते हसू माझ्यावर होतं.

"तुला नाही रे. तुझा प्रश्न असता तर पहिल्या काठीलाच सांगितलं असतं."

मग सवयीने, वीस वर्षांच्या निर्लज्ज सवयीने, विचारलं, "प्रार्थना करू?"

"नको. ती रमिला करते. तू जा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलीही नाही, तिथपर्यंत पोचलोच नाही. तीन वाक्यांतलं ते शेवटचं होतं.

बांधापर्यंत आलो तर मागून रमिलाबाई आली. हाताला पीठ. इकडे तिकडे बघून हळू म्हणाली, "पाळकसाहेब, लोकांच्या मनातून ते गेलेलं नाही. काल हापशीवर मला बघून एकीने पोराचं तोंड पदराने झाकलं. पुन्हा कुणाचं पोर आजारी पडेल. पुन्हा येतील. हिच्या घरी आता कौलंही धड नाहीत. मी कुठे जायचं?"

"माझ्याकडे या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली नाही, हे कसं जमलं ते ठाऊक नाही.

"आणि ते दारात आले तर काय सांगाल?"

"इथे आली नाही."

"एवढंच?"

"एवढंच."